चि. ओंकारला, पीसीसीच्या निमित्ताने

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा पोलीस ठाण्यातून हवालदार येऊन गेले, तुझ्या कॅनडाच्या अर्जाला लागणाऱ्या पीसीसीच्या, म्हणजे पोलिसांकडे काही नोंद आहे का ते सांगणाऱ्या दाखल्याच्या, चौकशीला. पासपोर्टवर जुना पत्ता, म्हणून आधी गावभागात जाऊन आले. आक्कांनी त्यांना इकडची वाट सांगितली, आणि वाटेतल्या सगळ्यांना बातमीही. टॅबवर माहिती भरली, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, चहा नको नको म्हणत घेतला. मुलगा दुबईत काय करतो विचारल्यावर बाबा म्हणाले, "चाळीस-चाळीस मजली इमारती थंड ठेवतो." एरवी तुझ्याबद्दल ब्र काढत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, काही केस वगैरे? बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी सांगून टाकलं. विसर्जनाच्या डीजेची केस, मंडळाचा सचिव म्हणून याचंही नाव, कोर्टात दंड भरला. ते म्हणाले, संगणकावर असतंच ते, निकालाची नक्कल जोडा.

यावरून तू फोनवर केवढा आवाज चढवलास! "तुला कुणी विचारलं होतं मध्ये बोलायला?" अरे, मलाच विचारलं होतं. असो. तो विषय मी या पत्रात काढणार नव्हते.

पण विनूच्या जावयाशी बोलले, तो कॅनडात यातून गेलाय. तो म्हणाला, पीसीसी कसाही आला तरी तिकडच्या फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न असतो: कुठल्याही देशात कधी अटक, आरोप, शिक्षा झाली का? तिथे 'नाही' लिहिलं आणि मागाहून निघालं, तर अर्ज जातोच, वर खोटी माहिती दिली म्हणून ५ वर्षं अर्ज करता येत नाही. आणि आपले वकील म्हणतात, गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे शिक्षाच झाली. तू म्हणतोस सगळ्या मंडळांवर होतात अशा केसेस. होतात. पण सगळी मंडळं कॅनडाला निघालेली नाहीत.

शाळा सुटली तरी खडू सुटत नाही बघ माझा. रागावू नकोस. एवढा मोठा झालास, तुझं तुला कळतं.

हवालदारांना दाखवायला तुझ्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स काढली होती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षीचा फोटो. बाबांचा पांढरा शर्ट घातला होतास, कॉलर इतकी सैल की फोटोवाल्याने मागून टाचणी लावली. ती टोचत होती म्हणून तू तसा ताठ बसलायस. हवालदार म्हणाले, फार कडक दिसतो मुलगा. मला हसू आवरेना. तेव्हा बाबांचे माग चालू होते, फीचा हप्ता थकलेला, आणि तू म्हणायचास पासपोर्ट काढून ठेवू, कधीतरी लागेल. कुठे जाणार हा, असं मला वाटायचं.

आणि ती विसर्जनाची रात्र. बारा वाजून गेले तरी डीजे चालू, पोलीस आले, बाकीचे पांगले. तू मात्र वर्गणीची वही कुणाच्या हाती द्यायची म्हणून तिथेच उभा. नाव लिहून घ्यायला तूच सापडलास. गुलालाने माखलेला घरी आलास, आवाज बसलेला, आणि पहिलं वाक्य, "आई, हिशोब बरोबर आहे." मला तुझा राग येत होता की काय, आजही सांगता येत नाही.

तर तो रकाना. 'हो' लिही आणि खाली चार ओळींत काय झालं ते लिही. हे शेवटचं.

बाबांना तू एसपी ऑफिसातून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला सांगितलास, ते तिकडे निघालेही होते. मी थांबवलं. तो इथल्या नोकरीला लागतो. कॅनडाला पासपोर्ट खात्याचाच पीसीसी हवा, तो तुला तिथल्या आपल्या वकिलातीतूनच मिळणार. दुबई पोलिसांचा दाखला वेगळा, तो काढलास का? कॅनडाकडून अर्ज करायचं बोलावणं आल्यापासून ६० दिवसांत सगळं भरायचं असतं म्हणे. त्यातले किती गेले, ते तू सांगत नाहीस.

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टातून काढली. इंग्रजी भाषांतर नोटरी करून घेतलं. कुरिअरवर भरवसा नाही, आक्कांचा नातू पुढच्या आठवड्यात शारजाला येतोय, त्याच्याकडे देते. स्कॅन आजच पाठवलंय. भाषांतरात तुझ्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं आहे का ते तपास, टायपिस्टने आधी एक अक्षर खाल्लं होतं.

बाबा रोज विचारतात, कॅनडा दुबईपेक्षा किती लांब. मी म्हणते, फोन तेवढ्याच वेळात लागतो. ते काही बोलत नाहीत, गोळी घेतात आणि झोपतात.

तुझी,
आई

ता. क. फॉर्म पाठवायच्या आधी त्या पानाचा फोटो मला टाक. मी काही बोलणार नाही, फक्त बघेन.