आमांचा अंगठा पुसणाऱ्या दिदींना

प्रिय दिदी,

सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या भाचीएवढ्या. पण नेपाळच्या लमजुंग जिल्ह्यातल्या त्या गावात लहानथोर सगळेच तुम्हाला दिदी म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हणते. मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. २०१८ ची दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही साताऱ्याच्या सात जणी बेसीशहरहून वर निघालो आणि दुसऱ्याच दिवशी उतरणीला माझा गुडघा दुखावला. बाकीच्या पुढे गेल्या, मी गावातल्या एका आमांच्या (नेपाळीत आईला आमा म्हणतात) घरी राहिले. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. तुमच्या पाठीवर औषधांची बॅग होती आणि बरोबरच्या दादांच्या काखेत कागदांचं बाड. माझा गुडघा बघून क्रेप बँडेज बांधलंत, पैसे विचारल्यावर नुसत्या हसलात. त्याबद्दल तेव्हाच धन्यवाद म्हटलं होतं. आज लिहायचंय ते वेगळंच आहे.

हे पत्र इथले लोकही वाचणार, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमांचे मालक ब्रिटिशांच्या गुरखा पलटणीत होते. १९४७ मध्ये दहा गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली, सहा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. भारताच्या वाट्याला आलेल्यांचं पेन्शन आजही काठमांडू, पोखरा आणि धरानच्या कचेऱ्यांतून मिळतं. आमांचे मालक दुसऱ्या वाटणीतले. मलाया आणि बोर्निओच्या जंगलात त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९६६ मध्ये बोर्निओची लढाई थांबली आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटनने हजारो गुरख्यांना कमी केलं. पेन्शनला पंधरा वर्षं नोकरी लागायची, यांची अकरा भरली होती. थोडे पैसे हातात घेऊन ते गावी परतले, मक्याचं शेत कसलं आणि म्हातारे होऊन गेले. असे कितीतरी. दुसरं महायुद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्यांचंही तसंच. या लोकांसाठी १९६९ मध्ये गुरखा वेल्फेअर ट्रस्ट उभा राहिला. तो माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा निर्वाहापुरतं पेन्शन देतो. तुम्ही आणि दादा त्याच ट्रस्टकडून आला होता. ब्रिटिश सैन्यात आज नोकरीवर असलेले गुरखे वर्षाकाठी एक दिवसाचा पगार त्यात घालतात, हे तुमच्याबरोबरच्या दादांनी मला सांगितलं तेव्हा मला माझे वडील आठवले.

आमच्याकडे गुरखा म्हटलं की लोकांना रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा माणूस आठवतो. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गल्लीतल्या पोरांनी त्याला ‘ए गुरखा’ अशी हाक मारली की ते बाहेर येऊन रागावायचे. त्यांना वडीलधाऱ्या सैनिकांकडून ऐकलेल्या, महायुद्धातल्या इटलीच्या गोष्टी पाठ होत्या. आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना आणि तुमच्या थमन गुरुंगांना, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, दोघंही आठव्या भारतीय डिव्हिजनचे. थमन गुरुंग तिथेच कामी आले. ‘एकाच चिखलात लोळलेली माणसं आहेत ही,’ असं वडील म्हणायचे.

तर ती सकाळ. आमा पडवीत बसल्या होत्या. दारावर तिहारच्या (तुमच्याकडच्या दिवाळीच्या) झेंडूच्या माळा सुकून लटकत होत्या. घर दोन खोल्यांचं, नवीन. २०१५ च्या भूकंपात जुनं पडलं, हे ट्रस्टने बांधून दिलेलं. (त्या भूकंपाचं केंद्र शेजारच्या गोरखा जिल्ह्यात, बारपाकजवळ होतं. बारपाक हे गजे घलेंचं गाव, तेही व्हिक्टोरिया क्रॉसवाले.) तुम्ही आल्या आल्या कागद काढले नाहीत. आधी आमांच्या शेजारी जमिनीवर बसलात, त्यांचे पाय मांडीवर घेतलेत आणि बोटांच्या बेचक्या बघितल्यात. रक्तदाब मोजलात. मग गोळ्यांचा डबा मागितलात.

डबा बिस्किटांचा होता. आत सगळ्या गोळ्या एकत्र झालेल्या. आमांना वाचता येत नाही. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, याचा घोळ होऊन त्या आठवडाभर एकच गोळी दोनदा घेत होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आमांकडे जुनी लाल साडी होती आणि एक निळा फडका. दोन्हींचे चौकोन फाडलेत, गोळ्या वेगळ्या केल्यात आणि दोन पुरचुंड्या बांधल्यात. ‘लाल म्हणजे घाम (ऊन). निळा म्हणजे रात.’ तुम्ही आमांकडून तीनदा म्हणवून घेतलंत. तिसऱ्यांदा त्याच तुमच्यावर खेकसल्या, ‘कळलं गं!’ आणि सगळे हसले.

मग पेन्शन. दादांनी पैसे मोजून आमांच्या ओंजळीत ठेवले, पुन्हा मोजायला लावले आणि कागदावर अंगठा घेतला. तुम्ही कापसावर स्पिरिट घेतलंत आणि त्यांच्या अंगठ्यावरची शाई पुसलीत. नखाच्या कडेची सुद्धा. घाई नव्हती. पुढे अजून दोन घरं होती आणि त्यातलं एक नदीपलीकडे, हे मी ऐकलं होतं.

दिदी, मी तेव्हा उठून नळावर गेले ती पाणी प्यायला नव्हे. मला रडू आलं होतं.

वडील गेल्यापासून माझ्या आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आई जिवंत आहे हे आईने जाऊन सांगायचं. ज्या वर्षी मी नेपाळला आले, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बँकेत यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. साठ वर्षं भाकऱ्या थापून बोटांच्या रेषाच गेल्यात. ‘घासून घ्या, पुन्हा ठेवा, पुढच्याला येऊ द्या.’ तीन तास आम्ही उभ्या होतो. शेवटी कागदावर ठसा घेतला. शाई पुसायला काही नव्हतं. आईने ती पदराला पुसली आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘मेल्यावर बरं, एकदाच दाखला लागतो.’ तिथल्या माणसांना मी वाईट म्हणत नाही, रांग मोठी होती. पण तो पदरावरचा डाग धुऊनही गेला नाही, आणि आमांच्या पडवीत मला तोच दिसत होता.

नळावरून आठवलं. आमांनी मला तो नळ मुद्दाम दाखवला होता. लग्न होऊन आल्यावर त्या पाऊण तास उतरून खालच्या ओढ्यावरून गागर आणायच्या. ट्रस्टच्या पाणी योजनेत वरच्या झऱ्यापासून नळ आला. पंप नाही, पाणी उतारानेच येतं. चर गावाने खणला, पाइप गावाने वाहिले, आणि घरोघरी संडासही झाले. हे काम ट्रस्ट १९८९ पासून करतोय, आणि नळ फक्त लाहुऱ्यांच्या (पलटणीत गेलेल्यांच्या) घरांना नाही, सगळ्या गावाला. आमा गागर नळाखाली ठेवायच्या आणि ती भरेपर्यंत उगाचच तिथे उभ्या राहून बघायच्या. आमच्या दुष्काळी माण-खटावच्या बायकांना हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री मी आईचा डबा उघडला. तिचंही तेच झालं होतं, फक्त बिस्किटांऐवजी चिवड्याचा डबा. एका लाल ब्लाउजपीसची पुरचुंडी केली, एक वडिलांच्या जुन्या निळ्या रुमालाची. डोळ्यांना कमी दिसतं, पण रंग कळतात. हयातीच्या दाखल्यासाठी आता माझ्या पर्समध्ये कापूस आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली असते. दरवर्षी शेजारच्या एकदोन आज्यांचे अंगठेही पुसून देते. तुम्ही आमांचा हात जसा धरला होता, तसाच धरायचा प्रयत्न करते.

आमांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी दिलेला कोदोचा (नाचणीचा) ढिंडो मला आवडला होता, आमच्या नाचणीच्या उकडीसारखाच लागला.

परवा डॉक्टरांनी आईची रात्रीची गोळी बदलली. तिने स्वतः निळी पुरचुंडी सोडली, जुन्या गोळ्या काढून टाकल्या, नव्या आत घातल्या आणि गाठ मारता मारता मला म्हणाली, ‘तुझ्या त्या नेपाळच्या दिदीला कळवलंस का गं कधी?’

नव्हतं कळवलं. आज कळवतेय.

तुमची,
साताऱ्याची एक बहीण