हाफ मून किनाऱ्यावरील होडीवाल्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत अघनाशिनी नदीच्या मुखापासून गोकर्णापर्यंत किनाऱ्याने चालत निघालेल्या आमच्या ताईला हाफ मूनवर भोवळ आली, तेव्हा आपण हातातले जाळे टाकून धावत आलात. आपण नाव सांगण्याचे हसून टाळलेत, म्हणून हे पत्र असे जाहीर लिहीत आहे. गोकर्णाला जाणारा कोणीतरी ते आपल्याला वाचून दाखवील, अशी आशा आहे.

नदीच्या मुखाजवळच्या तदडी गावाहून पुढे बेलेकान, पॅराडाइज, हाफ मून, ओम आणि कुडले हे किनारे एकामागून एक लागतात, आणि मधे दर वेळी जांभ्या दगडाचा डोंगर चढून उतरावा लागतो. माथ्यावरून दिसणाऱ्या त्या निळ्याशार पाण्याला खरोखर तोड नाही. मात्र तापलेल्या जांभ्यावर पायाखालची खडी सरकत असते, आणि गळ टाकायला खडकांवर उतरणाऱ्यांच्या पायवाटा हुबेहूब मुख्य वाटेसारख्या दिसून कड्याच्या टोकाशी संपतात. त्यात किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला वावच मिळत नाही. ताईच्या पायांत गोळे येऊ लागले ते असेच.

आपण तिला होडीच्या सावलीत निजवलेत, बूट सोडलेत, पंचा भिजवून मानेवर आणि काखेत ठेवलात. आमच्यातला एक जण पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावू लागला, तेव्हा आपण त्याचा हात धरलात. ती नीट बोलू लागेपर्यंत आपण थांबलात आणि मगच मीठ घातलेली पेज स्टीलच्या पेल्यातून घोट घोट पाजलीत. प्रत्येक घोटाला "सवकास, सवकास" म्हणत होतात. आम्ही सगळे गोंधळलेलो असताना आपला तो शांत आवाज आम्हाला किती आधाराचा वाटला, हे सांगायला माझ्याकडे शब्द अपुरे आहेत.

हाफ मूनला गाडीरस्ता नाही. तिथून निघायचे तर पायी किंवा होडीने. थोड्या विश्रांतीनंतर ताई स्वतःच चालण्याचा आग्रह धरत होती, पण पुढचा चढ तिला झेपणार नाही, हे आपण तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलेत. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आपण होडीचे तोंड लाटांकडे धरून ठेवलेत, मोठ्या लाटा जाऊ दिल्यात आणि समुद्र जरा निवताच तिला उचलून आत बसवलेत. ओमला पोहोचल्यावर रिक्षाही आपणच ठरवलीत. दवाखान्यात सलाईन लावल्यावर ताईला संध्याकाळपर्यंत बरे वाटले. वेळीच सावली आणि मीठ मिळाले म्हणून प्रकरण एवढ्यावर निभावले, असे डॉक्टरांनी सांगितले.

आपली दुपारची कामे बुडाली, डिझेल खर्च झाले, तरीही आपण एक रुपयाही घेतला नाहीत. आपण केलेल्या उपकारांची परतफेड पैशांत होणारी नाही, हे आम्हीही जाणतो. ताई आता ठणठणीत आहे आणि पावसाळा सरला की गोकर्णाच्या महाबळेश्वर मंदिरात दर्शनाला येणार आहे. त्या वेळी हाफ मूनवर येऊन आपल्याला आणि घरच्या मंडळींना भेटण्याची तिची फार इच्छा आहे. कृपया तिला नाही म्हणू नये.

आपली कृतज्ञ,
ताईची धाकटी बहीण