विषय: स्विव्हल प्लग पाना, आणि 'गाडीत जागा कमी आहे' हा तुमचा शोध

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

काल मध्यरात्री एक वाजता (तुमचे सकाळचे साडेदहा) मिशिगनहून चौथ्यांदा फोन केला. आता लेखीच देतो.

पाना तुमचाच: अडचणीच्या जागेतले स्पार्क प्लग काढायची, रॅचेटच्या दांड्याने फिरवायची गोटी (सॉकेट), आत प्लग धरणारं रबर, आणि गोटी व लांब दांड्यामध्ये (एक्स्टेंशन) हव्या त्या कोनात वळणारा पिनेवरचा सांधा, म्हणजे स्विव्हल. गाडी 1968 ची मस्टँग, 390 घनइंची इंजिन. डब्यावर तुम्हीच '1967 ते 1970 मस्टँग, 390 सह' असं छापलंय, म्हणजे तिची रचना तुम्हाला ठाऊक असणारच. पुढच्या स्प्रिंगा सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवर, त्यामुळे शॉक टॉवर (स्प्रिंगा आणि शॉक धरणारे पत्र्याचे उंच खण) दोन्हीकडून इंजिनाच्या अंगावर आलेले. 1967 ला फोर्डने गाडी रुंद केली ती मोठं इंजिन मावावं म्हणून. इंजिन मावलं, माणसाचा हात बाहेर राहिला.

ड्रायव्हरच्या बाजूला 5 ते 8 नंबरचे प्लग. पाच आणि सहा निघाले. सातवर गोटी बसवली, रॅचेट पाव फेरा फिरलं आणि अडकलं. स्विव्हलची पिन दीड मिलीमीटर बाहेर आलेली आहे (व्हर्नियर लावून मोजलंय), ती टॉवरच्या पत्र्यात रुतते. ओढलं तर एक्स्टेंशन हातात आणि गोटी प्लगवर. नोज प्लायरने गोटी ओढली तर आतलं रबर प्लगवर, आणि पोर्सेलिनला तडा.

आता कालचं संभाषण, जसं झालं तसं.

"सर, साइझ बरोबर घेतलाय ना?"
तेरा सोळांश इंच. या इंजिनाला दुसरा लागत नाही.
"सर, गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली का?"
गाडी 1968 ची आहे, हे मी तोवर तीनदा सांगितलं होतं.
मग मला होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं सनई ऐकली. परत आल्यावर तुमचे 'टेक्निकल'चे साहेब बोलले: "सर, टूलमध्ये काहीच प्रॉब्लेम नाही. तुमच्या गाडीत जागा कमी आहे."

अहो, जागा कमी आहे म्हणूनच तर हा पाना घेतला! जागा असती तर साधी गोटी चालली नसती का?

यावर साहेब म्हणाले, "मग इंजिन माउंट सैल करून इंजिन थोडं उचलून घ्या." ते टाळण्यासाठीच लोक तुम्हाला पैसे देतात. शेवटी "अजून काही मदत करू शकतो का, सर?" हेही विचारलं. 'अजून' हा शब्द मला फार आवडला.

1964 च्या सनबीम टायगरमध्ये फोर्डचाच 260 घनइंची व्ही-8 कोंबला होता. डावीकडच्या प्लगसाठी सनबीमवाल्यांनी फायरवॉललाच (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा) भोक ठेवलं आणि त्याला रबरी बूच लावलं. प्लग काढायचा तर गाडीच्या आतून. हसू येतं, पण जागा नाही हे त्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं नाही. आणि त्यांचं रबर जागेवर राहायचं. तुमचं प्लगवर राहतं, हे पुन्हा सांगतो, कारण तुमच्या तक्रार नोंदीत 'ग्राहकाकडून रबर हरवले' असं लिहिलंय. हरवलेलं नाही. ते कुठे आहे हे मला नेमकं माहीत आहे, फक्त तिथे हात जात नाही.

वडिलांच्या पेटीत तुमचा 10-11 चा पाना होता. चिंचवडच्या शेडमध्ये त्यांनी तो आयुष्यभर वापरला, तोंड कधी फाकलं नाही. त्याच नावावर विसंबून हा पाना पुण्याहून मागवला. तो पाना करणारी माणसं तुमच्याकडे आता नसावीत.

पान्याचे, प्लगचे आणि कुरिअरचे पैसे पंधरा दिवसांत परत करा आणि डब्यावरून '390 सह' काढा. नाहीतर पिनेचे फोटो आणि ग्राहक आयोगाचा अर्ज, दोन्ही तयार आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे डेट्रॉइटजवळ वुडवर्ड रस्त्यावर अशा जुन्या गाड्यांची रांग लागते. माझी या वर्षी गॅरेजमध्ये राहणार, पण मी पाना खिशात घालून चालत जाणार आहे. बघायला बरेच जण येतील.

एक त्रस्त ग्राहक