बीपी 'छान' होते, लघवी कोणी तपासलीच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की आमच्या लालबाग-परळ भागात आरोग्य शिबिरांचे फलक लागू लागतात. 'मोफत रक्तदाब व शुगर तपासणी' ही ओळ त्यांवर हमखास असते. मंडळांच्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यात एका तपासणीची भर पडावी, एवढ्यासाठी हे पत्र.

माझ्या यजमानांना बीपी असल्याचे वयाच्या ५१व्या वर्षी कळले आणि गोळी सुरू झाली. माणूस शिस्तीचा. एका दोनशेपानी वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवायचे. १३४/८२, १३८/८४, १३६/८२. अकरा वर्षांत दोन वह्या भरल्या. डॉक्टर वही चाळायचे, 'छान, हेच चालू ठेवा' म्हणायचे, आणि आम्ही निर्धास्त मनाने घरी यायचो. त्या अकरा वर्षांत त्यांची लघवी एकदाही तपासली गेली नाही.

लघवीला फेस यायचा. त्याबद्दल कोणाशी काय बोलणार, म्हणून आम्ही गप्प राहिलो. पायांवर सूज दिसू लागली, तेव्हा ती गोळीमुळे असेल असे सांगण्यात आले. बीपीच्या काही गोळ्यांनी पाय सुजतात हे खरे आहे, पण तसे ठरवण्याआधी लघवी बघायला हवी होती. त्यातच गुडघेदुखी. चाळीचे तीन मजले चढायचे म्हणून हे दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घ्यायचे. या गोळ्यांनी बीपीही वाढते आणि किडनीवरही ताण येतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी मळमळ आणि थकव्यासाठी रक्त तपासले, तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साठत जाणारा टाकाऊ घटक, ६.२ वर गेलेले. आता आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास डायलिसिस चालते.

मशीन चालू असताना बाहेर बसून मी तिथल्या डॉक्टरांना खूप प्रश्न विचारले. त्यांनी न कंटाळता समजावले. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की त्या झिजतात. झिजलेल्या किडनीला मीठ-पाणी नीट बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे बीपी आणखी चढते. म्हणजे दोघे एकमेकांना बिघडवत राहतात. क्रिएटिनिनवर विसंबावे तर तेही उशिरा बोलते. किडनीचे निम्मे काम थांबेपर्यंत तो आकडा नॉर्मलमध्ये दिसू शकतो. गाळणी फाटू लागल्याची खबर बहुतेकदा आधी लघवीतून मिळते, अल्ब्युमिन या प्रथिनाच्या रूपाने. लघवीतून प्रथिन जाणाऱ्या रुग्णाचे बीपी शक्यतो १३०/८०च्या आत ठेवतात, आणि किडनीला जपणाऱ्या गोळ्यांचा गट निवडतात. आमच्या वहीतला १३८ दुसऱ्या कोणासाठी चालून गेला असता. यांच्यासाठी तो 'छान' नव्हता, हे त्या एका तपासणीने कळले असते.

बीपीचा आकडा एकट्याने वाचू नये, एवढेच मला सांगायचे आहे. शेजारी साखर, कोलेस्टेरॉल, कंबरेचा घेर आणि लघवी असली की तोच आकडा वेगळे सांगतो. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. बऱ्याचदा ही तिन्ही दुखणी एकाच माणसाच्या अंगात असतात. आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका धरतात. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते.

शिबिरात बीपी कसे मोजले जाते, यावरही लिहायला हवे. माणूस जिने उतरून, रांगेत उभा राहून येतो, बसतो न बसतो तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला जातो, आणि मोजताना गप्पा चालूच. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजले तर आकडा खरा येतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर उगीच जास्त येतो. माझ्या शेजारणीला अशाच एका शिबिरात १६० सांगितले. रात्रभर तिला झोप नाही. घरी तीन दिवस नीट मोजले, तर १२४.

मंडळांना विनंती आहे की बीपीच्या टेबलाशेजारी लघवीच्या पट्टीची तपासणी ठेवा. पट्टी बुडवली की एका मिनिटात रंग कळतो आणि खर्च फार नाही. ताप असताना किंवा खूप व्यायाम झाल्यावर प्रथिन तात्पुरते दिसू शकते, म्हणून एकदा दिसले तर पुन्हा तपासायला सांगा. थोडेसे अल्ब्युमिन साध्या पट्टीवर दिसतही नाही, म्हणून मधुमेह किंवा बीपी असलेल्यांना वर्षातून एकदा प्रयोगशाळेत ते मोजून घ्यायला सांगा. आणि सगळे आकडे एकाच कार्डावर लिहून माणसाच्या हातात द्या.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हे मांडले. लघवीचे नाव काढताच आधी सगळे संकोचले, मग अडचण निघाली की चाळीतली शौचालये सामायिक, एवढ्या लोकांची सोय करायची कुठे? शेवटी शेजारच्या व्यायामशाळेचे शौचालय शिबिराच्या दिवशी सकाळी आठपासून उघडे ठेवायचे ठरले आहे. पट्ट्यांच्या दोन डब्यांचे पैसे यजमानांनी दिले. कार्डावर लघवीचा रकाना बीपीच्या लगेच खाली हवा, हेही त्यांनीच सांगितले.

एक वाचक, लालबाग, मुंबई