मागच्या चाकाच्या एक्सलला स्प्लिट पिन न लावताच गाडी ताब्यात दिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या साताऱ्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्या महिन्यात मी मोटरसायकलचं चेन-स्प्रॉकेट बदलून घेतलं. त्यानंतर पुण्याला जाताना शिरवळजवळ मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाला चाक उतरवायला बसला, तर एक्सलच्या नटाला पाना लावायची वेळच आली नाही. नट बोटांनी फिरला. नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालतात त्या स्प्लिट पिनेचा पत्ता नव्हता. याच गाडीवर, मागे बायकोला बसवून, मी नुकताच खंबाटकीचा उतार उतरलो होतो.

तिथूनच सेंटरला फोन केला. उत्तर मिळालं, "सेल्फ-लॉक नट आहे, पिन लागत नाही." हे साफ खोटं आहे. या गाडीला खाचांचा कॅसल नट आहे आणि एक्सलच्या टोकाला आरपार भोक आहे. ते कारखान्यात कोणी हौसेने पाडलेलं नाही. नट आवळल्यावर खाच भोकाशी जुळली नाही, तर किंचित आणखी आवळून जुळवतात. पिन वगळत नाहीत.

ब्रेक प्लेटला चिमट्याशी, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मशी, बांधणारी पट्टी असते, तिच्या बोल्टलाही पिन नव्हती. ड्रम ब्रेकच्या गाडीत ही पट्टी सुटली, तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट ड्रमबरोबर फिरते आणि चाक जागेवर जाम होऊ शकतं. एक्सलच्या नटापेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटते.

चेनचा ताण जुळवणाऱ्या अॅडजस्टरच्या डाव्या-उजव्या खुणाही जुळत नव्हत्या, म्हणजे चाक तिरकं बसवलं होतं. गाडी एका बाजूला ओढते, हे मी डिलिव्हरी घेतानाच सांगितलं होतं. "नवीन चेन आहे, बसेल हळूहळू," म्हणाले.

तरीही जॉब कार्डवर 'एक्सल नट टॉर्क – ओके' असं लिहून बरोबरची खूण केली आहे. काचेआडून मी पाहिलं ते वेगळंच: मेकॅनिक लांब पान्यावर पाय देऊन नट आवळत होता आणि टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणारा पाना, प्लास्टिकसकट भिंतीवर टांगलेला होता. कदाचित पाहुण्यांना दाखवायला असेल.

माझी मागणी अशी. या कामाची मजुरी जीएसटीसह परत करावी. चेन, स्प्रॉकेट, एक्सल व बेअरिंग दुसऱ्या सेंटरमध्ये विनामूल्य तपासून लेखी अहवाल द्यावा, त्यात नट किती टॉर्कवर आवळला तो आकडा हवा. त्या सेंटरमध्ये अलीकडे मागचं चाक उतरवलेल्या बाकी गाड्याही बोलावून तपासाव्यात, कारण त्या ग्राहकांना अजून पंक्चर झालेलं नसेल. पिनांचे पैसे मागत नाही. पंक्चरवाल्याने दोन्ही पिना लावल्या आणि पैसे घेतलेच नाहीत.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आधीच नोंदवली आहे.

सोबत: बिल व जॉब कार्डची प्रत, पंक्चरच्या दुकानात काढलेले नटाचे आणि अॅडजस्टरचे फोटो.

आपला,
एक ग्राहक, सातारा