तेवीस तारखेआधी

ड्रेस्डेन, २ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

काल अर्थसंकल्पाचं भाषण तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, असं आई म्हणाली. बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही, ही बातमी इथल्या मराठी मंडळींतही लगेच पोचली. तुमचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही: एवढ्या श्रीमंत देशात अर्थसंकल्पावरून सरकार पडतंच कसं?

जर्मनीने २००९ मध्ये राज्यघटनेतच लिहून ठेवलं की मंदीचा परिणाम वगळता केंद्राची तूट जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांवर जाता कामा नये. आपलं यंदाचं उद्दिष्ट ४.४ टक्के आहे. मोजायची रीत वेगळी, तरी अंदाज यावा. चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, शोल्झ यांच्या तीन पक्षांच्या सरकारने कोविडसाठी मंजूर झालेली, पण न वापरलेली ६० अब्ज युरोंची कर्जाची मुभा हवामान निधीकडे वळवली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि तिघांना बांधून ठेवणारा पैसाच गेला. वर्षभर कुरबुरी चालल्या. मग ६ नोव्हेंबरच्या रात्री, युक्रेनच्या मदतीसाठी हा नियम बाजूला ठेवायला अर्थमंत्री लिंडनर तयार होईनात, तेव्हा शोल्झनी त्यांना काढून टाकलं. सप्टेंबरमधली निवडणूक २३ फेब्रुवारीवर आली.

२०२५ चा अर्थसंकल्प त्यामुळे मंजूरच झालेला नाही. आपल्याकडे लेखानुदान असतं ना, तशी सोय इथे घटनेतच आहे: पगार, पेन्शन, चालू बांधकामं थांबत नाहीत, पण नव्या कामाला सहसा हात लावता येत नाही.

आणि बाबा, कामं तर डोळ्यांसमोर पडली आहेत. आमच्या कारोला पुलाचा ट्रामचा भाग सप्टेंबरमध्ये पहाटे एल्बे नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. दोष जुन्या पोलादात होता आणि पूल महापालिकेचा, हे खरं. पण पडला तो भाग यंदा दुरुस्त व्हायचा होता! देशावरचं कर्ज जीडीपीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मोठ्या देशांत कमीच. अर्थव्यवस्था सलग दोन वर्षं आकसली आहे. अशा वेळी पूल, रेल्वे, शाळांसाठी कर्ज काढणं उधळपट्टी नव्हे, असं माझं ठाम मत झालं आहे. शोल्झ यांचा पक्ष आणि ग्रीन्स नियम सैल करा म्हणतात. जनमत पाहण्यांत पुढे असलेले विरोधी पक्षनेते मेर्त्झ नियम ठेवून वर करकपातीचं आश्वासन देतात. पैसा कुठून येणार, ते मला त्यांच्या भाषणांतून उमगलं नाही.

गेल्या आठवड्यात तर स्थलांतरावरचा मेर्त्झ यांचा ठराव एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या मतांनी संसदेत संमत झाला. पाहण्यांत एएफडी साधारण २० टक्क्यांवर आहे, आमच्या सॅक्सनी राज्यात त्याहून पुढे. मी इथे कर भरतो, पण भारतीय पासपोर्ट सोडलेला नसल्याने मत देऊ शकत नाही. माझ्याविषयी जे ठरेल ते शेजारी ठरवणार, याची या वेळी खरोखर धास्ती वाटते.

मतदान संध्याकाळी सहाला संपतं, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा. अंदाज लगेच येतील. पहिला कोण, याच्यापेक्षा संसदेच्या ६३० पैकी ४२० जागा कुणाकुणाच्या मिळून होतात ते बघा. घटना बदलायला दोनतृतीयांश लागतात. कर्जाच्या नियमाला हात लावू न देणाऱ्या एएफडीला आणखी कुणी साथ देऊन २११ झाले, तर चॅन्सेलर कुणीही होवो, तिजोरीचं कुलूप तसंच राहील. लिंडनर यांचा पक्ष संसदेत यायला लागणारी पाच टक्के मतं ओलांडतो का, तेही बघा, कारण त्यावर हा हिशेब बराच हलेल.

आईला नमस्कार. निकालानंतर फोन करतो.

तुमचा,
निखिल