स्टीलचा पट्टा घालून व्यायाम करू का म्हणालास, त्यावर

प्रिय पश्या,

काल फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून आज निवांत लिहितोय. घड्याळाचा नवा स्टीलचा पट्टा मस्त दिसतोय, फोटो बघितला. पण तो घालूनच पळायला आणि जिमला जाऊ का विचारतोयस तर माझं उत्तर नको असंच आहे, आणि मी तीन महिने तसंच करून बघितलंय म्हणून सांगतोय.

धातूचं सगळंच वाईट असं नाही हां. बारीक जाळीच्या पट्ट्यातून हवा खेळते, रबरी पट्ट्याखाली साचतो तसा घाम साचत नाही, नुसतं चालायला जायचं तर मला तोच बरा वाटतो. पण तुझा कड्यांचा आहे. तो जड असतो, पळताना प्रत्येक पावलाला घड्याळ मनगटावर वरखाली आपटतं, आणि घट्ट करू म्हटलं तर कडी काढावी लागते, मग तो फार आवळतो, कारण व्यायामात अंग तापलं की हातही थोडा फुगतो ना.

आणि हार्ट रेटची तर वाटच लागते. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो आणि त्यातला किती परत येतो त्यावरून ठोके मोजतो, मध्ये फट पडली, घड्याळ हललं, की त्याचा गोंधळ होतो. मी एकदा इतका सावकाश पळत होतो की सोबतच्याशी आरामात गप्पा चालल्या होत्या, आणि आकडा १७२! खरंच घाबरलो रे. थांबून मानेला बोटं लावून मोजले तर १५ सेकंदांत ३४, म्हणजे १३६. नंतर बघितलं तर मिनिटाला पावलं जवळपास १७२ पडत होती, घड्याळ पावलांनाच ठोके समजत होतं.

पुशअप्सचं तर विचारूच नको. मनगट मागे वाकलं की बक्कल खालून थेट नसांवर रुततं. उठून पट्टा काढला तर कातडीवर चौकोनी लाल ठसा आणि दोन कड्यांच्या सांध्यात उपटलेले तीनचार केस.

तुझ्या बाबतीत मला जास्त काळजी निकेलची आहे. घड्याळांत जे ३१६एल स्टील वापरतात त्यात साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं, एरवी ते आतच राहतं पण घाम आणि घर्षणाने थोडं बाहेर येऊ शकतं. पँटच्या बटणाने पोटाशी खाज येते असं तू मागे म्हणाला होतास, आठवतंय? तसली खाज बऱ्याचदा निकेलचीच असते, तेव्हा मनगटावर पुरळ दिसलं तर पट्टा लगेच काढ आणि स्किनच्या डॉक्टरला दाखव. धातूच हवा असेल तर टायटॅनियमचा बघ, हलकाही असतो.

व्यायामाला नायलॉनचा वेल्क्रोवाला घे. घेताना घड्याळाला २० मिमी लागतो की २२ ते बघ, पटकन निघणारी पिन असली की बदलायला मिनिटही लागत नाही. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांध, व्यायाम झाला की सैल कर.

आणि आतापर्यंत घामात घातलेला स्टीलचा पट्टा आजच घड्याळापासून सोडव, साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या मऊ टूथब्रशने सांधे घास आणि पूर्ण वाळवून मगच लाव. माझ्या पट्ट्यातून निघालेलं पाणी पार काळपट होतं.

खाज आहे की नाही ते मात्र नक्की कळव.

तुझाच,
बंड्या